गुडघे बदलले, आता साठ कुंड्यांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याच्या एक ताई, वय ६४. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. बोटांची पेरं सकाळी आखडलेली असतात, लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घ्यावं लागतं. गच्चीवर २५ वर्षांत जमलेल्या साठेक कुंड्या आहेत, त्यात सासूबाईंनी लावलेला मोगरा. डॉक्टरांनी उकिडवं बसायला आणि मांडी घालायला मनाई केली आहे. यजमान म्हणतात, चार ठेव, बाकीच्या वाटून टाक. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: हलकी हत्यारं कोणती घ्यावीत, फारशी निगा न लागणारी झाडं कोणती, आणि या वयात हा नाद सोडून द्यावा का.

ताई, तिसरा प्रश्न आधी निकालात काढू. सोडू नका. पण आहे तसा चालूही ठेवू नका. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढे देतोच, मात्र तुमची अडचण हत्यारांची नाही आणि झाडांचीही नाही. तुमची सगळी बाग जमिनीवर मांडलेली आहे आणि तुम्हाला आता जमिनीपर्यंत जाता येत नाही. ही बाग लावली तेव्हाचं तुमचं अंग वेगळं होतं. अंग बदललं, बागेला मात्र ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

हे सांगणारा मी कोण, तेही सांगतो. दोन वर्षांचा असताना माझ्या डाव्या पायाला पोलिओ झाला. पायाला कॅलिपर आणि बगलेत कुबडी, हे आयुष्यभराचं. पुण्यात गच्चीवर बाग करतोय त्याला २३ वर्षं झाली. गेली बारा-तेरा वर्षं ज्यांचं अंग साथ देत नाही अशा लोकांच्या गच्च्या-बाल्कन्या लावून देतो. पैसे घेतो, तेव्हा व्यवसायच म्हणा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी कबूल करतो, नाहीतर माझं ऐकून कोणीतरी दुखणं वाढवून घेईल. बदललेले गुडघे, झिजलेले सांधे, सुजणारा संधिवात, अर्धांगवायू आणि पोलिओ यांना एकच औषध नाही, तशी एकच बागही नाही. गुडघे बदललेल्या माणसाला बेताचं उभं राहणं आणि चालणं बहुतेक वेळा मानवतं, खाली बसून उठणं मानवत नाही. संधिवातवाल्याला सूज असेल त्या दिवशी साधी कात्री दाबणंही नको असतं, आणि चार दिवसांनी तोच माणूस खुरपं घेऊन बसतो. माझ्यासारख्याचं उलटंच. पोलिओने दुबळे झालेले स्नायू जास्त राबवले तर बळकट होत नाहीत, थकतात, आणि उतारवयात तर फारच. म्हणून मी दमल्यावर थांबत नाही, दमायच्या आधी थांबतो. सांध्यांच्या दुखण्यात एक साधी खूण सांगतात: काम थांबवल्यावर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्तच असेल, तर काम जास्त झालं. दुसऱ्या दिवशी तेच काम थोडं कमी करून पाहायचं. तुमच्या गुडघ्यांना किती वेळ उभं राहणं चालेल हे मात्र तुमच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा, आणि विचारताना “बागकाम करू का?” असं मोघम विचारू नका. “कमरेइतक्या उंचीवर वीस मिनिटं उभ्याने काम करू का?” असं विचारा. मोघम प्रश्नाला “जपून करा” याशिवाय दुसरं उत्तर मिळत नाही.

माझी बागेची अक्कल एका पडण्यातून आली आहे. २०१४चा सप्टेंबर, पाऊस जाता जाता. टाकीच्या ओव्हरफ्लोखाली हातभर शेवाळ धरलेलं होतं. रोज त्याच्या कडेने जायचो. कुबडीचं रबरी बूच झिजलंय हेही माहीत होतं, आज बदलू उद्या बदलू चाललेलं. एका सकाळी बूच सरकलं आणि मी उजव्या हातावर आदळलो. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि कुबडीचा हात तोच, म्हणजे गच्ची बंदच. वर ऑक्टोबरचं ऊन. घरची माणसं जमेल तसं पाणी घालत होती, पण त्यांच्या नोकऱ्या, त्यांची धावपळ. नोव्हेंबरात वर गेलो तर टोमॅटो, वांगी, कोथिंबीर, अळू, सगळं वाळून चुरा झालेलं. पण तोंडलीचा वेल जिवंत होता. गोकर्ण, कढीपत्ता, पानओवा, कोरफड तगली होती. मोगऱ्याची पानं गळली होती, तरी काडी नखाने खरवडली तर आत हिरवी.

तिथे खुर्ची टाकून बसलो असताना ध्यानात आलं की मी सगळी बाग माझ्या चांगल्या दिवसाच्या मापाने लावली होती. अंग हलकं आहे, सुट्टी आहे, हवा छान आहे, अशा दिवशी जेवढं झेपतं तेवढं वाढवत नेलं होतं. वाईट दिवसाचा हिशेब कुठेच नव्हता. तेव्हापासून मी स्वतःला आणि गिऱ्हाइकांना हेच सांगतो: बाग वाईट दिवसाच्या मापाने लावा. बोटं आखडलीत, रात्री झोप नाही, मन लागत नाही, अशा दिवशी तुम्ही गच्चीवर किती वेळ थांबाल? दहा मिनिटं? मग बागेचं रोजचं, टाळता न येणारं काम दहा मिनिटांचंच असलं पाहिजे. चांगल्या दिवशी हवं तितकं जास्त करा, कोण अडवतंय. पण त्या जास्तीच्या कामावर एकही झाड जगायला अवलंबून नको.

या मापाने तुमच्या साठ कुंड्या पाहिल्या तर पहिली भानगड पाण्याची दिसते. उन्हाळ्यात कुंडीला रोज लिटरभर धरलं तर साठ लिटर. पाणी लिटरला एक किलो. म्हणजे तुम्ही रोज साठ किलो ओझं झारीने वाहता, वाकून ओतता, आणि म्हणता बोटं का दुखतात! म्हणून खर्च करायचा तर पहिला पाण्यावर करा. ठिबक बसवा. १६ मिलिमीटरची मुख्य नळी, तिला बारीक फाटे, प्रत्येक कुंडीला एक ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी बोंडी. ताशी चार लिटरचा ड्रिपर पुऱ्या दाबावर पंधरा मिनिटांत लिटरभर पाणी देतो, टाकीच्या कमी दाबावर जास्त वेळ लागतो. आता यातली मेख. बाजारात “दाब-नियंत्रित” म्हणून जे भारी ड्रिपर मिळतात ते शेतातल्या पंपाच्या दाबासाठी असतात. गच्चीवरच्या टाकीतून तीन-चार फुटांवरून येणाऱ्या पाण्याला तेवढा जोर नसतो, आणि मग अर्ध्या कुंड्या कोरड्या राहतात. तुम्हाला साधे, उघडता येणारे ड्रिपर हवेत. नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमरही दुकानदाराला विचारूनच घ्या: हा टाकीच्या कमी दाबावर उघडतो का? आत बॉल व्हॉल्व्ह असलेला उघडतो. दुसऱ्या प्रकारच्यांना बहुतेक वेळा दाब लागतो. फिल्टर लावा आणि तो हाताला येईल अशा उंचीवर लावा, कारण टाकीतला गाळ त्यात अडकतो आणि तो महिन्यातून एकदा धुवावा लागतो. आणि हो, गोल फिरवायचा नळ काढून दांड्याचा नळ बसवून घ्या. कोपराने ढकलला तरी चालू-बंद होतो. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम, पण माझ्या गिऱ्हाइकांनी सगळ्यात जास्त दुवा याच नळाला दिलाय.

पाण्यानंतर उंची. आपल्याकडे याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या अंगणात उभं आहे आणि आपण त्याच्याकडे बाग म्हणून बघतच नाही. तुळशी वृंदावन! माझी आजी ऐंशीच्या पुढेही रोज उभ्याने तुळशीला पाणी घालायची. वाळलेल्या मंजिऱ्या खुडायची, दिवा लावायची, कधी वाकावं लागलं नाही. बाकीच्या झाडांनाही तोच मान द्यायचा, इतकंच.

मी वापरतो तो २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम. भंगारवाल्याकडे मिळतो, पण आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यपदार्थाचा असेल तरच घ्या. तो उभा चिरला की दोन पन्हाळी होतात, प्रत्येक साधारण तीन फूट लांब, दोन फुटांना थोडी कमी रुंद आणि फूटभर खोल. तळाला भोकं पाडायची आणि फॅब्रिकेटरकडून अँगलचं स्टँड करून घ्यायचं. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर ही रुंदी आरामात पुरते. भिंतीला लावून ठेवलात तर पलीकडच्या कडेला हात ताणावा लागेल, म्हणून तिथे वेली लावा, ज्या स्वतःच अलीकडे येतात.

स्टँडच्या उंचीत मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. ओट्याची उंची बरोबर असते म्हणून मी पहिलं स्टँड ओट्याएवढं करवून घेतलं आणि वर ड्रम ठेवला. माती आली छातीशी! खांदे उचलून काम, पंधरा मिनिटांत मान धरली. शेवटी फॅब्रिकेटरला परत बोलावून पाय कापून घेतले, तो मनातल्या मनात हसला असणार. माप असं घ्या: ज्या चपलेत काम करणार ती घालून सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात दुमडा. मातीची वरची पातळी कोपराच्या चार बोटं खाली यायला हवी. त्यातून ड्रमची खोली वजा करा, उरेल ती स्टँडची उंची. बसून काम करायचं असेल तर खुर्चीत बसून हेच माप घ्या. चाकाची खुर्ची असेल तर गुडघे खाली शिरायला सव्वादोन फूट तरी मोकळे हवेत, तिथे ड्रम चालत नाही, उथळ ट्रे लागतो. तुम्हाला माझा सल्ला: एक पन्हाळ उभ्याच्या मापाची, एक बसायच्या मापाची. आलटून पालटून काम केलं की गुडघ्यांवर एकसारखा ताण येत नाही.

वजनाचं मात्र भान ठेवा. फूटभर जाडीची ओली माती चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो भरते. वावर असलेली गच्ची साधारण दीडशे किलोच्या भाराला धरून बांधलेली असते. म्हणून नुसती माती कधीच भरू नका. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या पिकवून दाखवल्या होत्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यावर शेती उभी केली. आपण त्याच वाटेने जायचं. रसवंतीवाल्याकडचं चिपाड, सुका पाला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि वरच्या भागात कंपोस्ट व थोडी पोयटा माती. वजन निम्म्यावर येतं आणि मुळांना मोकळं मिळतं. पाला कुजून पातळी खाली बसते, त्याचा त्रास मानू नका, वरून भर घालत राहायचं. स्टँड गच्चीच्या मधोमध नको, भिंतींच्या आणि तुळयांच्या वर ठेवा. पायांखाली फरशीचे तुकडे द्या, नाहीतर ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गच्ची गळू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, भेग पडेल आणि खालच्या मजल्यावर एक ओला डाग दिसला की सोसायटीची बैठक बोलावली जाईल. (आमच्याकडे डाग निघाला होता फुटलेल्या पाइपचा. पण तोवर चार महिने मी आरोपी.) इमारत जुनी असेल तर एकदा इंजिनिअरला दाखवा.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर पाणी आपोआप, माती हलकी, आणि काम कोपराखाली चार बोटं. हे तिन्ही झालं की तुमचा पहिला प्रश्न, हत्यारांचा, निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा आता. हलकी हत्यारं शोधू नका, जाड मुठीची शोधा. दुखऱ्या बोटांना वजनापेक्षा घट्ट आवळणं जास्त नडतं आणि बारीक मूठ जास्त आवळावी लागते. ऑनलाइन सेट मागवायची गरज नाही. तुमचं घरातलंच खुरपं घ्या. एसी बसवणाऱ्यांकडे तांब्याच्या नळीवर चढवायचा काळा फोम असतो, त्याचा वीतभर तुकडा मागून घ्या. खुरप्याच्या मुठीवर चढवा, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. झालं. छाटणीसाठी रॅचेटची कात्री तेवढी विकत घ्या, ती टप्प्याटप्प्याने दाबते, म्हणून एका दमात जोर लागत नाही. मी एक शबनम गळ्यात अडकवतो, कारण माझा एक हात कायम कुबडीला दिलेला. तुम्हीही अडकवा. सुतळी, कात्री आणि फोन अंगावर असले की विसरलेल्या वस्तूसाठी जिना चढ-उतार होत नाही. फोन तर असायलाच हवा.

आणखी एक जुगाड, जो मला फार आवडतो. शेतात पेरणीच्या पाभरीला चाडं, म्हणजे बी सोडायचं नरसाळं असतं, त्यात बी सोडलं की नळीतून थेट सरीत पडतं. मी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा साडेतीन फुटी तुकडा घेतला, वर प्लास्टिकच्या बाटलीचं कापलेलं तोंड उलटं बसवलं. खाली ठेवलेल्या कुंडीत वाल, घेवडा, भेंडी, काकडी असलं बी उभ्याउभ्या टोकता येतं. पाइपच्या टोकानेच भोक पाडायचं, बी सोडायचं, टोकानेच माती सारायची. मेथी-कोथिंबिरीला हे लागत नाही, ते फेकूनच पेरायचं. माठासारखं बारीक बी बोटांच्या चिमटीत नीट येत नसेल तर मूठभर कोरड्या वाळूत मिसळा आणि जेवणातल्या मिठासारखं भुरभुरवा.

एका हाताने काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. माझे एक गिऱ्हाईक एसटीत ड्रायव्हर होते, अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. त्यांना सुतळीची गाठ मारता येईना आणि दुसऱ्याने मारलेली पसंत पडेना. त्यांच्या मंडळींनी एक दिवस वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आणून दिले. वेल काठीला चिमट्याने अडकवायचा, डाव्या हाताने, एका क्षणात. कुंडी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. आता त्यांच्या बाल्कनीत कारल्याच्या वेलावर रंगीबेरंगी चिमटे दिसतात, लांबून वाटतं दिवाळीची माळ लावलीय.

झाडांबद्दल. “निगा न लागणारी झाडं” या शब्दांपासून मी जरा लांब राहतो. कारण मग तुमच्या पदरात नुसते स्नेक प्लांट आणि मनीप्लांट पडतील आणि सहा महिन्यांत तुम्ही गच्चीवर जायच्या बंद व्हाल. निगा लागू दे, पण ती चुकली तर झाड रुसावं, मरू नये. तोंडली हे त्यातलं माझं लाडकं. एकदा काडी लावली की वर्षानुवर्षं फळं देते. मात्र डोक्यावरचा मांडव करू नका, हात वर करून खांदा धरतो. पाच फुटी जाळी उभी करा, तोंडली छातीसमोर लटकतात. मायाळू तसाच, पानं डोळ्यांसमोर येतात, भजी करा. कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, पुदिना हे कायमचे. पुदिन्याला स्वतंत्र कुंडी द्या, सोबतच्यांना जगू देत नाही. गोकर्ण, सदाफुली आणि जास्वंद फुलांसाठी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, तो जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढायचा. टोमॅटोची हौस असेल तर दोनच रोपं, आणि ती मेली तर रडायचं नाही या करारावर. गुलाबाबद्दल माझं मत वाईट आहे. काटे, औषधं, छाटण्या. ज्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तरी काट्यांचा हट्ट धरू नये. तसंच मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर गच्चीवर अनवाणी जायचंच नाही. आणि संधिवाताच्या काही औषधांनी प्रतिकारशक्ती उतरते, ती चालू असतील तर कोरडं कंपोस्ट तोंडाला मास्क लावून, आधी पाणी शिंपडूनच हाताळा.

साताऱ्यात पाऊस आमच्यापेक्षा जास्त, म्हणून पडण्याबद्दल दोन शब्द, कारण एका पडण्याने सगळं संपतं. कुंड्या कमी करण्याचं खरं कारण कष्ट नाही, वाट हे आहे. दारापासून शेवटच्या स्टँडपर्यंत तीन फूट रुंद सरळ वाट, जिच्यात एकही कुंडी, नळी, विळी नाही. मे महिन्यात त्या वाटेवरचं जुनं शेवाळ ब्लीचिंग पावडरने घासून घ्या, पावसात पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि हे काम दुसऱ्याकडून. वाटेच्या कडेने धरायला एक पाइप बसवता आला तर उत्तम. बसायला पाठ आणि हात असलेली खुर्ची ठेवा. स्टूल नको, उठताना हात टेकायला काही लागतं. कुंड्यांखालच्या बश्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा, डेंग्यूचा डास तेवढ्याच साठलेल्या पाण्यात होतो. सगळ्यात बरं म्हणजे बश्याच काढून टाका, वाकणं वाचेल.

आता यजमानांची चार कुंड्यांची सूचना. रागावू नका, ते घाबरलेत. माझा अंदाज आहे की दोन पन्हाळी आणि पंधरा-वीस कुंड्या यांत तुमचं भागेल. पण कुठल्या ठेवायच्या हे एका दिवसात ठरवू नका. पंधरा दिवस पाहा, गच्चीवर गेल्यावर पाय आधी कुठल्या झाडाकडे वळतात. ज्यांच्याकडे फक्त पाणी घालायला जाता, त्या द्या. आणि देताना झाड द्या, नुसती कुंडी नको, घेणाऱ्याला त्याचं नाव आणि खोड सांगा. जड कामासाठी माळी वर्षातून दोनदा बोलवा, एकदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि एकदा दसऱ्यानंतर. माती बदलणं, स्टँड हलवणं, मोठ्या छाटण्या. घरच्यांना “जरा मदत कर रे” असं म्हणाल तर ती मदत कधीच येत नाही. “रविवारी नऊ वाजता दोन पोती वर आण” म्हणा, येते. मला हे मागायला फार वर्षं लागली. अपंग माणसाला मदत मागितली की आपण हरलो असं वाटतं, आणि आमच्या गच्चीवर त्या हट्टापायी मोडलेल्या कुंड्यांचा ढीग होता.

आनंदाचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण नाद सोडावा का या प्रश्नात ते आहेच. बाग वर आणली तेव्हा मला वाटलं होतं की सोय होईल. झालं असं की बाग डोळ्यांजवळ आली. जमिनीवरच्या कुंडीत आपल्याला झाडाचा शेंडा दिसतो. कोपराच्या उंचीवर पानाची खालची बाजू दिसते. कढीपत्त्याच्या पानावर एकदा पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटून पुसायला गेलो तर ती हलली. लिंबावर येणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती तशीच दिसते, पुढे हिरवीगार होते. बोट लावलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मी खुर्ची ओढून तिच्यापाशी अर्धा तास बसलो. पानाच्या कडेवरून ती एका लयीत, कणीस खाल्ल्यासारखी, वरून खाली खात येत होती. दोन धडधाकट पाय असते तर मी ते पान खुडून पुढच्या कुंडीकडे गेलो असतो. तो कढीपत्ता तिने जवळजवळ संपवला, आणि महिन्याभरात तो पुन्हा फुटला.

राहिला सासूबाईंचा मोगरा. तुम्ही लिहिलंय तो सिमेंटच्या मोठ्या कुंडीत आहे, हलवता येत नाही, आणि त्याच्यासाठीच जीव अडकलाय. तो हलवूच नका. त्याची छोटी आवृत्ती वर आणा. जुलैत, पाऊस लागला की, त्याच्या शेजारी एक पक्कं, न हलणारं टेबल ठेवा आणि त्यावर कंपोस्ट-कोकोपीट भरलेली हलकी कुंडी. मोगऱ्याची लांब, लवचीक फांदी निवडा, फार कोवळी नको आणि जून झालेलीही नको. ती आडवी त्या कुंडीवर आणा. जिथे मातीला टेकेल तिथली पानं काढा, डोळ्याच्या खाली साल बोटाच्या पेराएवढी हलकी खरवडा, दोन इंच मातीत दाबा आणि वर चपटा दगड ठेवा. शेंडा बाहेर मोकळा राहू द्या. माती ओलसर ठेवा. उचकून बघायचा मोह होईल, तो टाळा. दसऱ्याच्या सुमारास फांदी हलकेच ओढून पाहा. धरून ठेवलं असेल तर मुळं सुटलीत, मग जुन्या झाडाच्या बाजूने ती कापून वेगळी करा. एकाच वेळी तीन फांद्या दाबा, एखादी फुकट जाते. आणि कापताना यजमानांना सोबत घ्या, कात्री त्यांच्या हातात द्या.